कामून सर

आमच्या कॉलेजात वाकळे सरांच्या हजेरीला जो ‘येस सर’ म्हणतो त्याची गैरहजेरी लागते.

खोटं वाटत असेल तर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाबाहेर सकाळी सव्वाआठला येऊन उभं राहा. सर मस्टर उघडतात, नाव पुकारतात, आणि ज्याचं नाव आलं त्यानं उठून कालपासून बाजारात, रस्त्यावर, बसस्टॉपवर, कुठंही धंद्याची जी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल ती सांगायची. मग हजेरी. नुसतं ‘येस सर’ म्हणणारा पोरगा पहिल्या बाकावर बसलेला असो, त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास सरांपर्यंत येत असो, तो गैरहजर. “तू आलास व्हय? मला तर कुणी आल्यासारखं वाटलं नाय. बस खाली. उद्या ये.”

उलट मागच्या वर्षी एक पोरगी डेंग्यूनं आजारी पडून दवाखान्यात होती. तिनं सलाईन लावलेल्या हातानं सरांना फोन केला. म्हणाली, “सर, दवाखान्यासमोरचा शहाळंवाला आधी पेशंट कोणत्या वॉर्डात आहे ते विचारतो, मग भाव सांगतो.” सरांनी तो फोन अख्ख्या वर्गाला ऐकवला आणि जोरात म्हणाले, “हजर!” ती पोरगी आठ दिवस कॉटवर पडून रोज हजर होती. तिच्या आईनं खिडकीपाशी कॉट सरकवून घेतली म्हणे, समोरचा रस्ता नीट दिसावा म्हणून.

आता वर्गात साठ पोरं आणि तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. हजेरीच पंचेचाळीस मिनिटं चालते. कारण कुणी काही सांगितलं की सर नुसतं लिहून घेत नाहीत. ते विचारतात, “कामून?” कामून म्हणजे का. आमच्याकडं खेड्यापाड्यात सगळेच म्हणतात, पण वाकळे सर ते ज्या चवीनं म्हणतात तसं कुणी म्हणत नाही. कपाळाला आठ्या, मान एका बाजूला, आणि मधला ‘मू’ असा लांबवायचा की समोरच्याला वाटावं, अरे खरंच, का बरं? पोरांनी त्यांचं नावच कामून सर पाडलंय.

एकदा एक पोरगा म्हणाला, पैठण गेटला एक चपलावाला जोडातली एकच चप्पल बाहेर मांडतो, डाव्या पायाची. झालं! “कामून?” एक म्हणाला, चोरी होऊ नये म्हणून. दुसरा म्हणाला, जागा वाचते. तिसरी म्हणाली, दुसरी मागायला गिऱ्हाईकाला दुकानात यावंच लागतं. वर्ग पेटला. शेवटी एकजण काकुळतीला आला, “सर, उत्तर तरी सांगा.” सर म्हणाले, “मला कसं माहीत? मी चपला विकतो का? जा, त्याला विचारा.” दुसऱ्या दिवशी चौघंजण नव्या कोऱ्या चपला घालून वर्गात आले. उत्तर मिळालं होतं.

हे सगळं मला इतकं बारीकसारीक कसं माहीत, तर मी शेजारच्या वर्गात व्यापारी कायदे शिकवते. गेली बावीस वर्षं. मधली भिंत कसली, नुसतं प्लायवुडचं पार्टिशन आहे. मी इकडं ‘करार म्हणजे काय’ लिहून देतेय आणि तिकडून साठ पोरं ओरडतायत, “डाव्या पायाचीच कामून?” माझ्या नोट्स मी पहिल्या वर्षी काढल्या, पाचव्या वर्षी लॅमिनेट करून घेतल्या, त्या आजतागायत तशाच आहेत. माझा पोर्शन दर वर्षी जानेवारीत संपतो. माझ्या तासाला पोरं इतकी शांत असतात की पंख्याची करकर ऐकू येते. मी त्याला शिस्त समजत होते. पुढं काय झालं ते सांगतेच, पण तेव्हा तरी समजत होते.

वाकळे सर व्यवस्थापन शिकवतात, म्हणजे तो विषय त्यांच्या नावावर आहे. त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं वय, सडपातळ बांधा. शर्टाच्या खिशात कायम चार खडू, फळ्यावर कधी अक्षर नाही, पण खिसा मात्र पांढरा. बजाजनगरहून स्कूटरवर येतात आणि हेल्मेट काढायच्या आत कुणाला तरी काहीतरी विचारतात. वर्गातली प्राध्यापकांची खुर्ची त्यांनी पहिल्याच महिन्यात बाहेर काढली. विचारलं तर म्हणाले, “मॅडम, खुर्ची दिसली की मी बसतो, आन मी बसलो की पोरं झोपतात.” ती खुर्ची अजून माझ्या वर्गाच्या दाराशी पडलेली आहे. रोज माझ्या पायाला लागते.

त्यांनी वर्गातल्या बाकांच्या सहा रांगांच्या सहा कंपन्या केल्या होत्या. प्रत्येक कंपनीला साहेब, कामगार, सगळं. ऑक्टोबरच्या उन्हात एका कंपनीनं कॉलेजच्या आवारात ताक विकायला काढलं, ते नेमकं माझ्या खिडकीखाली. “थंडगार ताऽऽक!” असं ओरडत माझ्या तासाला! मी भडकून खाली गेले, तर त्या पोरीनं मला विचारलं, “मॅडम, तुम्ही रागावून आलात की तहान लागून आलात? आम्हाला लिहायचंय.” एक पेला घेतला. चांगलं होतं, जिरं भाजून घातलं होतं.

दुसऱ्या कंपनीच्या साहेबानं आपल्याच जिवलग मित्राला कामचुकारपणा केला म्हणून काढून टाकलं. तो मित्र रडवेला होऊन माझ्याकडं आला. “मॅडम, असं नोटीस न देता काढता येतं का?” मी म्हटलं, पुस्तकात बघ. आणि काय सांगू, तो पोरगा तिथंच व्हरांड्यात उकिडवा बसून कायद्याचं पुस्तक वाचायला लागला. परीक्षा नसताना! बावीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाकळे सरांचा राग आला.

तर असा हा माणूस गुलमंडीच्या प्रकरणात अडकला.

झालं असं, की लग्नसराईचे दिवस होते. सरांनी पोरांना सांगितलं, शनिवारी गुलमंडीच्या बाजारात जायचं, एकेका कापडाच्या दुकानासमोर सहा-सहा जणांनी उभं राहायचं आणि फक्त बघायचं. किती गिऱ्हाईक आत गेलं, किती पिशवी घेऊन बाहेर आलं, किती हात हलवत आलं. “कुणाला कायबी विचारायचं नाय. आपण विचारलं की माणूस बदलतो. गप बघा आन लिवा.” आता ज्या माणसानं अकरा वर्षं विचारण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्यानं आयुष्यात एकदाच विचारू नका म्हणून सांगितलं, आणि घात झाला.

पोरं शहाणी. कॉलेजचं काम म्हणून झाडून सगळी पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून गेली. हातात वह्या. घड्याळात बघायचं, दुकानाकडं बघायचं, लिहायचं. कुणी “काय पाहिजे?” म्हटलं की नुसती मान हलवायची. पहिल्या दुकानातल्या शेठनी त्यांना खुर्च्या आणून दिल्या. दुसऱ्यांनी लस्सी मागवली आणि “साहेब, आधी थंड घ्या” म्हणाले. एकानं घेतलीसुद्धा! तिसऱ्या दुकानात कुणीतरी हळूच म्हणालं, “छापा पडलाय. जीएसटीवाले दिसतात.” पुढच्या दहा मिनिटांत एका लाइनीतली सगळी शटरं खाली. नवरीचा शालू घ्यायला आलेलं जीपभर वऱ्हाड दुकानात अडकलं, शटर पडलं तेव्हा नवरी आत आणि नवरीची आई बाहेर. आणि आमची पोरं बाहेर उभी राहून इमानेइतबारे लिहितायत, ‘अकरा वाजून वीस मिनिटं. गिऱ्हाईक शून्य.’

सोमवारी सहा व्यापारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये. ज्येष्ठ म्हणून मलाही बोलावलं होतं. त्यातले एक शेठ लई तापलेले. “दो घंटे दुकान बंद, साहेब! ऐन सीझनमध्ये! ये कौनसी पढाई है?” प्राचार्य माफी मागत होते. वाकळे सर कोपऱ्यात मान खाली घालून उभे. मला वाटलं, चला, एकदाचा माणूस गप्प बसला. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. कपाळाला आठ्या.

“शेठ, एक विचारू का? तुम्ही शटर पाडलं ते पोरांकडं बघून, का शेजाऱ्याकडं बघून?”

“शेजाऱ्यानं पाडलं म्हणून!” शेठ म्हणाले.

“मी कुठं आधी पाडलं? तुमचंच आधी पडलं!” शेजारी उसळला.

“कामून?” वाकळे सर म्हणाले.

मग पाच मिनिटं पहिलं शटर कुणी पाडलं यावरून सहा शेठ आपापसात भांडले. वाकळे सरांनी खिशातून कागद काढून लिहायला सुरुवात केली. प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. मी तोंडाला पदर लावला, कारण मला हसू आवरेना.

पण प्रकरण हसण्यावारी गेलं नाही. इथं एक गोष्ट सांगायला हवी. वाकळे सर आमच्याकडं तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे नोकरी कायमची नाही. दर वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, आणि विषय काढून घेतला की माणूस घरी. अकरा वर्षं ते असेच टिकले. प्राचार्यांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, पुढच्या वर्षी व्यवस्थापन तुम्हीच घ्या. तुमचा पोर्शन वेळेत संपतो, तक्रार नसते. तरी कुणी म्हणायला नको की अन्याय केला. शनिवारी त्यांच्या तासाला बसा आणि अहवाल द्या. तुम्ही जे लिहाल तसं होईल.” आणि एक छापील फॉर्म हातात ठेवला.

मी स्टाफरूममध्ये आले तर सर पाण्याच्या माठाशी उभे. पेला हातात, पाणी पीत नव्हते.

“मॅडम, काढतील व्हय मला?”

मी खरं ते सांगितलं. अहवाल माझ्याकडं आहे, शनिवारी येणार आहे, आणि माझा सल्ला विचाराल तर त्या एका दिवशी नीट शिकवा. खुर्चीवर बसा. हजेरीला येस सर म्हणू द्या. फळ्यावर मुद्दे लिहा, नोट्स द्या, कामून म्हणू नका. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “मला दुसरं काय येत नाय हो मॅडम.” या माणसाच्या तोंडून मी प्रश्न सोडून दुसरं वाक्य क्वचितच ऐकलं होतं. मी माझ्या नोट्सचा एक संच त्यांना नमुना म्हणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

शनिवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दाराशी पडलेली खुर्ची आत आली होती. सर तिच्यावर बसले होते, शर्ट इस्त्रीचा, केसांना पाणी लावलेलं. हजेरी घेतली. पोरं सवयीनं उठून काही सांगायला लागली तर म्हणाले, “नुसतं येस सर म्हणा.” तीन मिनिटांत हजेरी संपली. पुढच्या बाकावरच्या पोरीनं हळूच विचारलं, “सर, तब्येत बरी आहे ना?”

“लिहून घ्या,” सर म्हणाले. “व्यवस्थापनाची तत्त्वे. मुद्दा क्रमांक एक.”

हुबेहूब माझी पद्धत. प्रत्येक वाक्य दोनदा, शेवटचा शब्द तीनदा. बाकीचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. पहिली पाच मिनिटं मी कौतुकानं ऐकलं. मग मला पंख्याची करकर ऐकू यायला लागली. शेजारचा पोरगा वहीत मिशा काढत होता, नुसत्या मिशा, चेहरा नाही. खिडकीबाहेर एक कावळा होता, मी त्याच्याकडं बघत बसले. दहाव्या मिनिटाला मला जांभई आली. बाराव्या मिनिटाला, देवाशपथ, माझा डोळा लागला. तपासणीला आलेली मी! मान खाली गेली तशी दचकून जागी झाले आणि मनात आलं, अगं बाई, हे बावीस वर्षं माझी पोरं रोज सहन करतायत.

सर पुढच्या मुद्द्यावर आले होते. “आदेशाची एकवाक्यता. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत. मिळावेत. मिळावेत.” त्यांचा आवाज इतका मेलेला होता की मला राहवेना. आणि वाक्य तर धादांत खोटं!

“थांबा,” मी म्हटलं. “हे लिहू नका रे.”

साठ माना मागं वळल्या.

“कसला एकच वरिष्ठ? मला प्राचार्य एक सांगतात, विभागप्रमुख दुसरं सांगतात, परीक्षा विभाग तिसरं. आणि शेवटी ऐकावं लागतं शिपायाचं!”

सर खुर्चीवरून अर्धवट उठले. ओठ हलले, पण दाबून धरले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. शेवटी नाही राहवलं त्यांना.

“कामून, मॅडम?”

“कारण किल्ल्या त्याच्याकडं असतात!”

मग काय विचारता! वर्ग फुटला. एका पोराचा भाऊ वाळूजच्या कारखान्यात कामाला, त्याला दोन सुपरवायझर, एक म्हणतो मशीन चालू कर, दुसरा म्हणतो बंद कर. “मग तो काय करतो?” “चहाला जातो सर!” एक पोरगी म्हणाली, “आमच्या आईला घरात सहा साहेब आहेत.” कुणी विचारलं, मग तुमचं घर चालतं कसं? ती म्हणाली, “आई कुणाचंच ऐकत नाही म्हणून.” सर खुर्ची बाजूला सारून वर्गभर फिरत होते आणि मी, बावीस वर्षांची अनुभवी, उभी राहून हातवारे करत एका पोराशी तावातावानं भांडत होते. घंटा झालेली कुणालाच कळली नाही. पुढचा तास माझाच होता, तोही बुडाला.

घरी आल्यावर संध्याकाळी फॉर्म घेऊन बसले. आमचे हे म्हणाले, “एवढी कसली खूश?” मी म्हटलं, नंतर सांगते. शिफारशीचा रकाना मी सगळ्यात आधी भरला. ‘हा विषय यांच्याकडेच ठेवावा. मला दिल्यास मी घेणार नाही. त्यांच्या तासाला मला बसण्याची परवानगी मिळावी.’ मग बाकीचे सगळे भरले. राहिला सगळ्यात वरचा, ‘अध्यापकाचे पूर्ण नाव’.

पेन थांबला.

मला माहीत नव्हतं. स्टाफच्या मस्टरवर ‘के. एस. वाकळे’, वेळापत्रकात ‘के. एस. डब्ल्यू.’, माझ्या मोबाइलमध्ये ‘वाकळे शेजारचा वर्ग’. के म्हणजे काय? किशोर? कैलास? अकरा वर्षं एका पार्टिशनच्या पलीकडं शिकवणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली. फोन लावला.

पहिल्या रिंगलाच उचलला. मी म्हटलं, “सर, फॉर्मवर लिहायचंय. तुमचं पूर्ण नाव काय?”

पलीकडून आधी नुसतं ‘आँ?’ आलं. मग म्हणाले, “हसू नका मॅडम. कडुबा. कडुबा सांडू वाकळे.”

“हसेन कशाला?”

“आमच्या पिशोर गावात ठिवतात तसं. माझ्या आधीची दोन लेकरं राहिली नाय. म्हणून आईनं तिसऱ्याला कडू नाव ठिवलं, म्हंजे देवाचं ध्यान जाणार नाय.” ते जरासे हसले. “आईच तेवढी म्हणायची त्या नावानं. ती गेली, त्याला तीन वर्षं झाली. तवापासून कुणाच्या तोंडी आलंच नाय हे नाव. तुम्हीच विचारलं.”

मी ते नाव सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं. मग त्यांना शिफारशीचा रकाना वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकला आणि नुसतं “बरं” म्हणाले. मी म्हटलं, “ठेवू का मग?”

“मॅडम,” ते घाईनं म्हणाले, “आजून काही विचारायचं असंल तर विचारा ना. रूमवर मी एकटाच हाय. मला काय काम नाय.”

फॉर्मवर आता एकही रकाना रिकामा नव्हता. मी ह्यांना खुणेनंच ‘तुम्ही जेवून घ्या’ म्हणून सांगितलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “जेवलात का कडुबा सर?”